७२९ पदरांचं चिकन पॅटीस

यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. आणि तरीही बोटभर जाडीचं पॅटीस ओव्हनच्या काचेआड डोळ्यांदेखत उंच उंच होत जातं! रविवारी मी ओव्हनसमोर फतकल मारून बसले होते आणि घरातल्या एकेकाला हाका मारत होते. या, बघा, पापुद्रे सुटतायत! बेकरीतल्या काचेच्या कपाटातलं, कागदात गुंडाळून हातावर ठेवलं जाणारं ते गरम चिकन पॅटीस आपल्या ओट्यावर होतं. होतं म्हणजे काय, फार सुंदर होतं!

करामत सगळी घड्यांची आणि पाण्याची. पाव किलो मैदा, चमचाभर लिंबाचा रस, दोन चमचे वितळवलेलं बटर आणि बर्फाचं पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळायचं. मीठ चिमूटभरच, कारण आपलं नेहमीचं पिवळं बटर मुळातच खारट. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. मग २०० ग्रॅम गार बटर थापून चौकोनी करायचं, लाटलेल्या कणकेत चारी बाजूंनी बंद करायचं, लांबट लाटायचं आणि तीन पदरी घडी घालायची. पुन्हा फ्रिज, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. आता हिशेब बघा: पहिल्या घडीला बटरचे ३ थर, दुसरीला ९, मग २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९! एका लाटण्याने, एका पोळपाटावर!

बटरमध्ये शेकडा १६ भागांपर्यंत पाणी असतं, कणकेत तर असतंच. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये त्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते, म्हणून ती वरचा पापुद्रा उचलते, तो त्याच्या वरचा उचलतो. मधलं तूप त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणूनच बटर शेवटपर्यंत गार हवं. लाटताना ते वितळून मैद्यात मुरलं की थर संपले.

आणि हे काम आपल्या हातांना आधीपासून येतं! सासूबाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. दुसऱ्या घडीला म्हणाल्या, “अगं, हे तर साट्याचं काम. कडा दाबू नकोस, पदर मिटतात.” तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांच्या मधे लावून आयुष्यभर चिरोटे केलेला हात तो! लाटणं त्यांनीच घेतलं. कडेपर्यंत न्यायचं, पण कडेवर जोर द्यायचा नाही. पॅटीसचे चौकोन कापतानाही सुरी धारदारच हवी, आणि वरून अंडं लावताना ते कापलेल्या कडेवर ओघळू द्यायचं नाही, नाहीतर कडा चिकटतात आणि पॅटीस एका बाजूने बसतं.

सारण मला बेकरीपेक्षा घरचंच आवडलं, अगदी मनापासून सांगते. तीनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन आलं-लसूण आणि मीठ घालून उकडायचं, हाताने बारीक तोडायचं. दोन कांदे बटरवर मऊ परतायचे, हिरवी मिरची, त्यावर चमचाभर मैदा, मग चिकनचंच अर्धी वाटी पाणी. दोन मिनिटांत सगळं आळतं. चिकन, कोथिंबीर आणि ताजी कुटलेली मिरपूड, सढळ हाताने! गरम मसाला घालायचा मोह आवरा, इथे राज्य मिऱ्यांचं. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट सारणाने आतलं बटर विरघळतं.

चौकोनावर सारण, दुमडून घडी, जोड खाली, वर अंड्याचा हात. पंचवीस ते तीस मिनिटं, आणि मधे दार उघडायचं नाही, कितीही वाटलं तरी! तांबूस सोनेरी झाल्यावर बाहेर काढलं, मुलाने पहिला घास घेतला आणि पापुद्र्यांचा चुरा शर्टभर सांडला. सोबत टोमॅटोचं सार आणि काकडीची कोशिंबीर होती, पण तिकडे कुणाचा हात वळेना. सासऱ्यांनी दुसरं मागितलं, सासूबाईंनी अर्धं म्हणत अख्खं घेतलं.

पुढच्या रविवारी नणंदेकडची मंडळी येतायत. दुप्पट गोळा मी शनिवारी संध्याकाळीच मळणार, चार घड्या घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणार, उरलेल्या दोन सकाळी. घरात ओव्हन असेल तर तुम्हीही करून बघा. आणि बटर आत्ताच फ्रिजमध्ये टाका!