शब्दाची सोंगटी

सारीपाटावर दैवाची सत्ता चालते, तर बुद्धिबळाच्या पटावर बुद्धीची. दान मनासारखे पडले नाही, म्हणजे हरणारा दैवाला बोल लावतो. प्यादे भलत्याच घरात सरकले, म्हणजे आपल्याच बुद्धीला. परंतु जगात एक खेळ असाही आहे, की त्यात हरलेला मनुष्य दैवाला दोष देत नाही आणि बुद्धीलाही नाही. समोर बसलेल्या मित्राकडे पाहून तो एवढेच म्हणतो, 'तू मला शब्द दिला होतास!'

अमेरिकेतील अ‍ॅलन कॅल्हॅमर यांनी रचलेला हा खेळ १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'डिप्लोमसी', म्हणजे मुत्सद्देगिरी. पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप हा त्याचा पट. पुढे १९७७ साली त्याच्याच धर्तीवर दुसरा खेळ निघाला. त्याचा पट पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटलीचा आणि नाव 'मॅकियाव्हेली'. व्हेनिस, मिलान, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि रोमचे पोप ही त्या काळची इटलीतील पाच प्रबळ राज्ये. एकाही राज्याला इतर चारांवर मात करता येऊ नये, इतकी ती तुल्यबळ होती. फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि तुर्क या बाहेरच्या सत्ताही पटाच्या कडेला टपलेल्या असतात.

या खेळात लढाईचा निकाल फाशांनी लागत नाही. समान बळाची दोन सैन्ये समोरासमोर आली, तर कोणालाही पुढे सरकता येत नाही. तिसऱ्याने पाठिंबा दिला, तरच वाट मोकळी होते. म्हणून प्रत्येक डावापूर्वी खेळाडू दोघे-दोघे बाजूला जातात, कुजबुजतात आणि वचने देतात. मग प्रत्येक जण आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहितो व ते सर्व एकदम वाचले जातात. दिलेले वचन पाळलेच पाहिजे, असा नियम मात्र खेळात कोठेही नाही.

इटलीच्या पटावर याला द्रव्याचीही जोड मिळते. डकॅट नावाची नाणी मोजून दुसऱ्याचे सैन्य फितवता येते. मारेकरीही धाडता येतो. दुष्काळ पडतो, साथ येते आणि उभे सैन्य पटावरून नाहीसे होते. तरीही या साऱ्यांहून विलक्षण असतो तो कागद उलगडण्याचा क्षण. 'मी तुझ्या पाठीशी आहे,' असे म्हणणाऱ्याचे सैन्य आपल्याच राजधानीवर चालून आल्याचे ज्याला दिसते, त्याचा चेहरा क्षणात उतरतो. पट कागदाचा आणि सैन्य सोंगट्यांचे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी मनाला लागलेली ठेच खरी असते.

इतिहासातील इटलीला अशा ठेचा अनेकदा लागल्या. पण शब्दाचे बळही तिने पाहिले. १४५४ साली मिलान आणि व्हेनिस यांच्यात लोदी येथे तह झाला, आणि पुढे पाचही राज्ये परस्परांशी करारबद्ध झाली. त्यानंतरही युद्धे झालीच. पोप आणि नेपल्सचा राजा फेरांते फ्लॉरेन्सवर उलटले, तेव्हा १४७९ च्या डिसेंबरात लॉरेन्झो दे मेदिची सैन्य न घेता शत्रूच्याच राजधानीत गेला. तेथे तो काही आठवडे बोलणी करीत राहिला आणि १४८० साली तह घेऊनच परतला. जे काम तलवारीला साधले नाही, ते शब्दाने साधले.

१४९२ साली लॉरेन्झो वारला. नेपल्सशी वैर असलेल्या मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाने १४९४ साली फ्रान्सच्या राजाला इटलीवरील स्वारीस उत्तेजन दिले. शेजाऱ्याचा काटा परक्याच्या हाताने निघेल, हा त्याचा हिशेब. परक्याची ताकद पाहून त्याने पुढल्याच वर्षी पक्ष बदलला. पण परक्याला वाट सापडली होती. १४९९ साली फ्रेंचांनी मिलानच घेतले. १५०० साली पगारी स्विस सैनिकांनी ऐन वेळी लढण्यास नकार दिला. त्यांच्याच वेशात पळू पाहणारा लुदोव्हिको पकडला गेला आणि १५०८ साली फ्रान्समध्ये कैदेतच मरण पावला.

हे सारे निकोलो मॅकियाव्हेलीच्या हयातीतले. फ्लॉरेन्सच्या दरबारी कामाचा अनुभव गाठीशी घेऊन त्याने १५१३ साली 'द प्रिन्स' हा ग्रंथ लिहिला. वचन पाळणे हिताविरुद्ध जात असेल, तर शहाण्या राजाने ते पाळू नये, असे त्याने त्यात स्पष्ट म्हटले. खेळाला त्याचे नाव मिळाले, ते यथार्थच होय.

तथापि पटावर बसणाऱ्यांना हळूहळू एक गोष्ट उमगते. वचन मोडणाऱ्याला एक प्रांत मिळतो. पण पुढच्या डावात त्याच्याशी कुजबुजायला कोणी उठत नाही. एकट्याचे बळ समोरच्याइतकेच असल्यामुळे त्याचे सैन्य जागच्या जागी अडते. उलट, प्रत्येकावर डोळे मिटून विश्वास ठेवणाराही टिकत नाही. कोणाचा शब्द कोठवर तोलावा आणि आपला कोठे खर्चावा, हे ज्याला कळते तोच टिकतो.

रात्री पट गुंडाळला जातो आणि सोंगट्या पेटीत जातात. दुसऱ्या दिवशी तेच मित्र पुन्हा भेटतात. कालचा जेता आज सहज एखादे वचन देऊन जातो, आणि ऐकणारा क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.