रिकामी टाकी

25 मार्च 2020, गुढीपाडवा. ढोकीच्या घरावर गुढी उभी होती आणि मी ओसरीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. मुंबईतल्या एका रिफायनरीत मी उत्पादनाचं नियोजन करतो. सणाला आलो आणि टाळेबंदीत अडकलो. देशातली प्रवासी विमानंही त्याच दिवसापासून थांबली.

विमानं थांबली की रिफायनरीची कोंडी होते. कच्च्या तेलातून गॅस, पेट्रोल, केरोसीन, डिझेल सगळं एकदमच निघतं. त्यातलं एक नको म्हणून भागत नाही. विमानाचं इंधन म्हणजे त्यातला केरोसीनचाच भाग. त्याला आता गिऱ्हाईक नव्हतं, रस्तेही ओस पडलेले. सगळे घरी असल्यानं स्वयंपाकाच्या गॅसची मागणी मात्र वाढत होती. म्हणजे तेल कमी चालवायचं आणि गॅस जास्त काढायचा.

असा गुंता सोडवायला आमच्याकडे रेषीय प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर असतं. तेलधंद्यात ही रीत जुनी आहे. विमानाच्या पेट्रोलचं मिश्रण ठरवायला चार्न्स, कूपर आणि मेलन यांनी 1952 मध्येच ती वापरून दाखवली होती. कुठल्या तेलातून काय निघतं, कुठलं युनिट किती पेलतं, डिझेलमध्ये गंधक किती चालतं, असे हजारो आकडे भरायचे. त्या मर्यादांत बसणारी सर्वांत फायद्याची योजना ते काही मिनिटांत काढून देतं. मला मिळालेलं उत्तर असं होतं: केरोसीन शुद्ध करून डिझेलमध्ये वळवा, क्रॅकरचं तापमान चढवून गॅस वाढवा, उरलेलं एका मोकळ्या टाकीत साठवा.

माझे वडील, अण्णा, शेजारी बसून ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी तेरणा साखर कारखान्याच्या शेतकी विभागात झाली. कारखान्याचं धुराडं तेव्हा थंड होतं, पण ऊसतोडणीचा कार्यक्रम त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. लागणीच्या तारखेनं नोंदी लावायच्या, तोडणीच्या टोळ्या पाठवायच्या. कारखान्याची गव्हाण रिकामी पडता कामा नये आणि तोडलेला ऊस काट्यावर वाळताही कामा नये, कारण तोडणीनंतर दिवसभरातच साखरेचा उतारा घटू लागतो. माझं काम त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"ती टाकी रिकामी हाय, हे कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

"तक्त्यात आहे, अण्णा."

"तक्त्यात न्हवं. कुणी बघितली?" मग म्हणाले, "वहीत ऊस उभा दिसायचा अन् फडात टोळीच नसायची. फडावरच्या चिटबॉयला इचारल्याबिगर मी गाडी धाडली न्हाई कधी."

मी टाकीयार्डातल्या सहकाऱ्याला फोन लावला. टाकी साफसफाईसाठी उघडून ठेवली होती. तक्ता माझाच होता आणि तो मी आठवडाभर बदलला नव्हता. ती टाकी वगळून सॉफ्टवेअरमधलं मॉडेल पुन्हा चालवलं, तर कच्चं तेल आणखी कमी करावं लागत होतं. पहिली योजना गेली असती तर चालू युनिट अवेळी थांबवावं लागलं असतं, आणि ते थांबवणं-चालू करणं ही या धंद्यातली मोठ्या जोखमीची वेळ.

पुढं 20 एप्रिलला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे 37 डॉलरपर्यंत कोसळला. तिथंही अडचण साठवायच्या जागेचीच होती.

त्या पाडव्यापासून टाक्यांच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे: टाकी पाहणाऱ्याचं नाव आणि वेळ. तो भरलेला नसेल तर मी मॉडेल चालवत नाही.