विहिरीवरून हाकललेल्यांचा आवाज

कोल्हापुरात राजारामपुरीतून सुभाषनगरमार्गे शेंडा पार्ककडे गेलं की कुष्ठधाम लागतं. बाबूराव पेंटरांच्या, ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या या गावाला कॅमेऱ्याचा अभिमान आहे, तो असावाच. त्याच कॅमेऱ्यानं आता कुष्ठरोगातून उठलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टिपावं, असं मला मनापासून वाटतं. कारण त्यांच्याविषयी कागदोपत्री जे उरलंय, ते त्यांना कोंडणाऱ्यांनी लिहिलेलं. १८९८ चा ब्रिटिश महारोगी कायदा पाहा. भीक मागणाऱ्या रोग्याला पोलीस वॉरंटाविना पकडू शकत आणि मॅजिस्ट्रेट त्याला आश्रमात डांबू शकत. त्यानं खाद्यपदार्थ विकण्यावर, सार्वजनिक विहिरीचं पाणी भरण्यावर, भाड्याच्या गाडीत बसण्यावर बंदी घालता येई. आगगाडीला तेवढी सूट. हा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत कायद्यात होतं. विहिरीवरून हाकललेल्या बाईचं म्हणणं मात्र यात कुठंच नाही.

चेहरे दाखवले की कलंक वाढतो, असं म्हणतात. ही भीती खरी आहे. नाझी जर्मनीत १९३७ साली देशभरच्या थिएटरांत एक माहितीपट दाखवला गेला, मनोरुग्ण हे समाजावरचं ओझं आहे हे लोकांच्या गळी उतरवण्यासाठी. पुढं १९४०-४१ मध्ये ‘टी-४’ मोहिमेत सत्तर हजारांवर अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूनं मारले गेले. म्हणून कॅमेरा कुठं ठेवायचा, हा प्रश्न फार मोठा आहे. झडलेल्या बोटांवर तो रोखायचा नाही. माणूस खुर्चीत, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि नाव सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. चेहरा नको असेल तर नुसता आवाज घ्यावा.

कोल्हापूरकराला दुसरा आक्षेप जास्त लागेल. तो कायदा ब्रिटिश मुलखाचा. इथं तर शाहू महाराजांनी १८९७ मध्ये अणुस्कुऱ्याला महारोग्यांसाठी आश्रयस्थान काढलं, मग छळाची भाषा कशाला? नाझींचे खून आणि हा आसरा मी एका तराजूत घालत नाही. तो महाराजांवर अन्याय होईल. पण आसरा लागला, कारण घरानं आणि गावानं बाहेर काढलं होतं. ताट उंबऱ्याबाहेर कधी गेलं, जमिनीच्या वाटणीतून नाव कुणी वगळलं, हे ज्यानं सोसलं तोच सांगू शकतो. कुष्ठरोगाविषयी आपण सांगतो त्या बहुतेक गोष्टी सेवा करणाऱ्याच्या असतात. आनंदवन सुरू झालं तेव्हाची लंगडी गाय आपल्याला आठवते, बाबा आमट्यांच्या खिशातले चौदा रुपये आठवतात. सोबत सहा रोगी होते. त्यांतल्या एकाचं तरी नाव किती मराठी माणसांना सांगता येईल?