ओव्हन, आजी आणि कॉस्टिक सोडा

'सॅपोनिफिकेशन म्हणजे काय?' हा प्रश्न व्हायवाला आला की आमच्या केमिकलच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा गडीसुद्धा धाडधाड उत्तर देतो. चरबी अधिक अल्कली बरोबर साबण अधिक ग्लिसरीन. मार्क खिशात! मीही दिलं होतं आणि एक्स्टर्नल सर मान हलवून खूश झाले होते. तेच सॅपोनिफिकेशन मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या स्वतःच्या बोटांवर झालं, त्याची ही गोष्ट.

आमच्या घरी एक ओटीजी आहे. मी लहान असताना नानकटाई करायची म्हणजे आई घरी पीठ मळून, गोळे करून कोपऱ्यावरच्या बेकरीत पत्र्याच्या ट्रेवर भाजून आणायची. आम्ही पोरं तिथे रांगेत उभे राहून आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेमध्ये जात नाही ना याची राखण करायचो. पुढे ओव्हन घरी आला आणि गल्लीतल्या बायका आईकडेच नानकटाई मागायला लागल्या. गेली काही वर्षं दिवाळीत आई ऑर्डरी घेते. माझ्या मेसच्या बिलाचा बराचसा भाग त्या नानकटाईतून येतो, हे मला फार उशिरा कळलं.

तर सबमिशनं उरकून घरी पोचलो. बॅग ठेवली आणि बघतो तर आई स्वयंपाकघरात पाटावर नुसती बसलेली. समोर एक डबा. समोरच्या काकूंनी नमुना म्हणून अर्धा किलो नेली होती, ती परत पाठवली होती. निरोप असा, की नानकटाईला तंदुरीचा वास येतो. काकू कडक शाकाहारी. वास येतच होता हो! बाबांनी गटारीला त्याच ओव्हनमध्ये कोंबडी भाजली होती, तिचं तूप-तेल उडून भिंतींना आणि काचेला चिकटलं होतं आणि ओव्हन तापला की त्याचा धूर व्हायचा. आईने साबणाने दोनदा घासलं होतं. फरक शून्य. वसुबारसेला पाच दिवस होते आणि आठ किलोची ऑर्डर बाकी होती.

"आई, तू काळजी करू नकोस. मी केमिकल इंजिनियर आहे," मी म्हणालो. (तृतीय वर्ष. एक केटी. पण हे तिथे बोलायची गरज नव्हती.)

मी बाजारात जाऊन ओव्हन साफ करायचा स्प्रे घेऊन आलो. मागे बारीक अक्षरात सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं. म्हणजे आपलं कॉस्टिक. थिअरी एकदम क्लिअर! खिडकी लावलेली होती, ती उघडायचं सुचलं नाही. ओव्हनचा प्लग तेवढा काढला आणि आत, भिंतींवर, काचेवर, आतच राहिलेल्या ट्रेवर दणादण फवारा मारला.

पहिली पाच मिनिटं मी हिरो होतो. मग आतल्या खोलीतून आजीचा खोकला ऐकू आला. आजीला दमा आहे. कॉस्टिकची स्वतःची वाफ होत नाही, पण फवाऱ्याचे बारीक तुषार हवेत तरंगतात आणि नाकातोंडात जातात. आईने धावत जाऊन आजीला गॅलरीत नेऊन बसवलं, पंप दिला. तेवढ्यात ओव्हनमधून फसफस ऐकू यायला लागली. दार उघडलं तर ट्रे उकळतोय! ट्रे होता अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, हे बारावीत मी समीकरणासकट लिहिलं होतं. घाबरून ट्रे तसाच हाताने ओढून काढला. ग्लोव्ह्ज? ते लॅबमध्ये सर ओरडतात म्हणून घालायचे असतात ना...

बोटं बुळबुळीत लागायला लागली. साबण लागल्यासारखी. मंडळी, तो साबणच असतो. आपल्याच कातडीतल्या चरबीचा. मग चुरचुरायला लागलं. मी अॅसिडने अल्कली मारायची म्हणून व्हिनेगरची बाटली शोधत होतो, तोवर आईने मनगट धरून हात नळाखाली घातला आणि वीस मिनिटं सोडला नाही. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले. आधी भरपूर पाणी, बाकी काही नाही.

संध्याकाळी बाबांनी काळवंडलेला ट्रे उलटसुलट बघून विचारलं, "कॉलेजवाले फी परत देतात का रे?"

आजी मात्र काही बोलली नाही. धाप कमी झाल्यावर तिने गॅलरीतूनच विचारलं, "आता ते तुझं औषध आत राहिलंय की गेलं, हे कळणार कसं? त्यात खायचं भाजायचंय." प्रश्न बिनतोड होता. ओव्हन मी ओल्या फडक्याने पुसला होता (या वेळी आईचे रबरी हातमोजे घालून), पण गेलं की नाही काय सांगणार? घरात लिटमस कुठला! आजीच म्हणाली, "लुगड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तसं काही करता येतं का बघ."

इंजिनियरिंगची तीन वर्षं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. हळदीच्या पाण्यात पांढरी चिंधी बुडवली आणि ओव्हनच्या भिंतीला टेकवली. लाल! पुन्हा पुसलं, पाणी बदललं, पुन्हा चिंधी. लालसर. सहाव्या वेळी चिंधी पिवळीच राहिली तेव्हा आई पहिल्यांदा हसली.

आता मूळ घाण तशीच होती, कारण फवारा मी घाबरून वेळेआधीच पुसून काढला होता. ती घाण म्हणजे नुसतं तूप-तेल नसतं. तेल तापून हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत अडकतात आणि कडक थर तयार होतो. जवसाच्या तेलातला रंग वाळतो तसं किंवा लोखंडी तव्यावर काळा थर बसतो तसं. म्हणून भांड्याच्या साबणाला तो दाद देत नाही. त्याला एक तर कॉस्टिकसारखा मवाली लागतो, नाहीतर वेळ.

आईने खायचा सोडा काढला. अर्धी वाटी सोडा आणि तीन-चार चमचे पाणी, भज्याच्या पिठापेक्षा घट्ट. त्याआधी ओव्हनमध्ये स्टीलच्या वाटीत पाणी आणि लिंबाच्या साली ठेवून अर्धा तास वाफ काढली. ओव्हन गार झाल्यावर, प्लग काढून, लेप भिंतींना आणि काचेला थापला. तापणाऱ्या सळ्यांना मात्र अजिबात लावला नाही. रात्री साडेनऊला दार लावलं आणि झोपलो.

सोडा, सोडा आणि सोडा यात आपण गल्लत करतो. खायचा सोडा बायकार्बोनेट, पीएच साधारण ८.३. धुण्याचा सोडा कार्बोनेट, ११च्या आसपास. कॉस्टिकची मजल १३-१४ पर्यंत. तिघेही सोडियमच्याच घरचे, पण धाकट्याला हातात घेता येतं, थोरल्याला नाही. शिवाय खायच्या सोड्याचे कण काचेपेक्षा बरेच मऊ असतात, म्हणून घासलं तरी ओरखडे येत नाहीत.

सकाळी लेप तपकिरी झालेला. जुनं प्लॅस्टिकचं एटीएम कार्ड घेऊन खरवडायला लागलो तर थर सालपटासारखा निघायला लागला! माझी खुमखुमी अजून गेली नव्हती. उरलेल्या लेपावर व्हिनेगर ओतलं. काय फेस आला म्हणता! आईही बघायला आली. "यातून काय तयार होतं रे?" मी ऐटीत सांगायला लागलो, सोडियम अॅसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड... आणि मध्येच थांबलो.

"म्हणजे गॅस उडून गेला की उरलं काय? पाणी आणि मीठ?"

"...हो."

"मग सोडा कशाला वाया घालवलास?"

खरं होतं. दोन्ही एकत्र ओतले की एकमेकांना मारून टाकतात आणि आपण फेस बघून टाळ्या वाजवतो. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून सोड्याची पांढरी पूड पुसायला ते बरं पडतं, तेवढाच त्याचा उपयोग.

काचेला दुसरी रात्र लागली. कोपऱ्यातले काळे ठिपके तरीही गेले नाहीत आणि आईने ते जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी ओव्हन उघडा ठेवून सुकवला, पंधरा मिनिटं रिकामा तापवला. आजीला खिडकीपाशी बसवून विचारलं, धूर येतोय का? तिने दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "येत नाही. वेलची आण आता."

नवा ट्रे आणला (ऑर्डरीच्या पैशातून, माझ्या खात्यावर). पुढचे दोन दिवस ओव्हन जेमतेम थंड व्हायचा. पहिल्या घाण्यातला अर्धा किलो आईने माझ्याच हाती समोरच्या काकूंकडे पाठवला. काकूंनी दारातच झाकण उघडलं, वास घेतला, माझ्या बँडेजकडे बघितलं. मग डबा आत नेला आणि आतूनच ओरडल्या, "आईला सांग, अजून एक किलो पाहिजे. आणि तुझ्या बाबांना म्हणावं, कोंबडी चुलीवर करा!"

बाबांना आता गॅलरीत कोळशाची शेगडी मिळाली आहे. काळा झालेला ट्रे मी होस्टेलवर आणलाय. खायला काही त्यात ठेवत नाही, इस्त्री ठेवायला बरा पडतो. रेक्टर सर हे पान वाचत असतील तर, इस्त्री माझी नाही, रूम पार्टनरची आहे.

(तृतीय वर्ष, केमिकल)