नंदुरबारचे वाणी

केमोच्या खुर्चीत बसले की नर्स हातांवर बर्फाचे मोजे चढवते, बोटं बधिर होऊ नयेत म्हणून. दर गुरुवारी, बारा आठवडे. औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल.

माझ्यासाठी धुळ्याहून प्लेनोला आलेल्या आईनं विचारायला लावलं, हे कशापासून करतात? ‘यू नावाच्या झाडापासून,’ नर्स म्हणाली. आईचा चेहरा उजळला. म्हणजे झाडपालाच की! शनिवारी ती जावयाला घेऊन नर्सरीत गेली आणि ‘जॅपनीज यू’ची कुंडी घेऊन आली. पानांचा काढा करायचा होता तिला.

मी हादरलेच. यूचं पान, साल, बी, सगळं विषारी. बीभोवतीचा लाल गर तेवढा सोडून. पोटात गेलं तर हृदय बंद पडू शकतं. बरं, आणलेलं झाड यू नव्हतंच. टेक्सासमध्ये त्या नावानं पोडोकार्पस विकतात. पण काढा त्याचाही करायचा नसतो.

आईचं तोंड उतरलं. मग तिला सगळी गोष्ट सांगितली. १९६२ साली आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून यूची साल गोळा केली. नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशी दुभंगताना आत जे धागे जुळतात आणि सुटतात, ते या औषधानं सुटेनासे होतात, हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. परवानगी मिळायला १९९२ उजाडलं. साल सोलली की झाड मरायचं. पुढे युरोपातल्या यूच्या पानांतल्या द्रव्यापासून औषध करता येऊ लागलं, तेव्हा झाडं वाचली. आणि हे पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रवात घालतात.

“एरंडेल!” आई एवढंच म्हणाली.

“आणि हे मनसुख वाणी नंदुरबारला जन्मले.”

“म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले!” १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, हे तिनं अजून मान्य केलेलं नाही. “कुठल्या गल्लीतले?”

काढ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. कुंडी पॅटिओत आहे, आई रोज पाणी घालते.

पुढच्या गुरुवारी तिनं मला नर्सला हे सांगायला लावलं. नर्सनं गावाचं नाव लिहून मागितलं. माझे हात बर्फात होते. आईनं कागद ओढून घेतला आणि देवनागरीत लिहून दिलं.