‘पोहोचलोच’ म्हणजे केव्हा?

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायकांना वाचता यावे म्हणून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. या अनुवादाचा विचार करताना आम्हां मराठीच्या अध्यापकांना कुतूहल वाटते ते क्रियापदांचे. संस्कृतच्या पंडितेला ग्रीक क्रियापदाचा सांगाडा ओळखीचाच वाटणार. लङ्, लुङ्, लिट् यांची भावंडे तिथे आहेतच. पण पाणिनी लङ् आणि लिट् यांचा विचार ‘आजचे नव्हे’, ‘डोळ्यांदेखतचे नव्हे’ अशा कसोट्यांवर करतो. ग्रीकची कसोटी निराळी आहे. त्यामुळे ओळखीचे रूपच दगा देण्याचा संभव अधिक.

ती कसोटी कोणती, यावर स्टॅन्ली पोर्टर (१९८९) आणि ब्यूस्ट फॅनिंग (१९९०) यांचे ग्रंथ पाठोपाठ आले. बोलणारा क्रियेकडे एकसंध घटना म्हणून पाहतो की चालू व्यवहार म्हणून, हे रूपातून कळते. भाषाविज्ञान याला क्रियाव्याप्ती म्हणते. इथवर दोघांचे जमते. पोर्टर मात्र म्हणतात की ग्रीक रूपांत काळ मुळी बांधलेलाच नाही, तो संदर्भातून घ्यायचा. फॅनिंग यांना हे टोक मान्य नाही.

मराठी कानाला पोर्टर पटू लागतात. आमच्या दिघ्यात ‘दिघा गाव’ स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. ठाण्याकडे येणारी गाडी अजून ऐरोलीत असते आणि शेजारचा प्रवासी घरी फोनवर सांगतो, “पोहोचलोच!” रूप भूतकाळाचे, गृहस्थ वाटेत. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळच्या आकाशवाणीत संतोषाचे क्रियापद असेच ‘आओरिस्ट’ रूपात आहे आणि अर्थ बहुधा वर्तमानाचा घेतला जातो. उलट दिशेने ‘करी’ पाहा. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ते वर्तमान होते. आज ‘तो रोज पूजा करी’ म्हटले की जुनी सवय कळते. काळ सरकला, क्रियेचा चालूपणा तसाच राहिला.

तरीही पोर्टर जरा ताणतात, असे आम्हांला वाटते. ‘अगच्छत्’मधल्या ‘अ’सारखा ग्रीकमध्ये मागे लागणारा ‘ए’ काहीच सांगत नसेल, हे मानणे जड जाते.

वाद कसाही सुटो, अनुवादकाला मात्र प्रत्येक वाक्यात निर्णय करावाच लागतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताचे मरणे आणि पुरले जाणे ‘आओरिस्ट’मध्ये आहे, उठवले जाणे ‘पर्फेक्ट’मध्ये. मराठीत ‘उठवला गेला’ आणि ‘उठवला गेला आहे’ यांतले अंतर त्या एका ‘आहे’चे. श्रद्धावंताचे सर्वस्व त्यात असेल. आम्हांला निदान व्याकरण तरी दिसते.

वर्गात मात्र हे अंतर काळांच्या तक्त्यात हरवते. ‘पूर्ण वर्तमानकाळ’ घडाघडा म्हणणारी मुले, पाहुण्याघरी ताट वाढू लागल्यावर आपण ‘जेवलो’ न म्हणता ‘जेवलोय’ का म्हणतो, या प्रश्नावर गप्प होतात. म्हणून अलीकडे आम्ही तक्ता बाजूला ठेवून आख्यातांपासून सुरुवात करतो: ताख्यात, लाख्यात, वाख्यात. प्रत्ययावरून पडलेली ही नावे. त्यांत काळाचा उच्चारही नाही.