तीच ट्यूब

माझ्या मेडिकलमध्ये क्लोबेटासॉलची ट्यूब फार खपायची. नायटा असो, गजकर्ण असो, घामोळं असो, लोक येऊन म्हणायचे, "काका, मागची तीच ट्यूब द्या." मी द्यायचो. चिठ्ठी मागायचो नाही. खाज रात्रीत थांबायची, लोक खूश व्हायचे. फार्मसी शिकलेला माणूस मी. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमध्ये हे सगळ्यात जहाल, मोठ्यांनीही सलग दोन आठवड्यांच्या वर लावू नये, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या आळीतल्या आजी नातवाला लंगोटाच्या जागी पुरळ उठलं म्हणून आल्या. त्यांनाही मी तीच दिली. तान्ह्या मुलाची कातडी पातळ, त्यात वरून डायपर. असं झाकलेलं औषध रक्तात कितीतरी जास्त उतरतं. यातलं मी काहीच बोललो नाही. पुरळ जायचं, पुन्हा यायचं, आजी पुन्हा यायच्या.

पोर गुबगुबीत दिसायला लागलं. मीही त्याचा गाल धरून म्हणालो होतो, "छान बाळसं धरलंय." त्या गालांवर दाट लव आली होती आणि हातपाय काटकुळेच होते. वजन वाढत होतं, उंची थांबली होती. बालरोगतज्ज्ञांनी रक्तदाब मोजला तो चढलेला निघाला, आणि सकाळचं कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी आपलं काम सोडून दिलं होतं. अशात क्रीम एकदम तोडली आणि साधा ताप-जुलाब झाला, तरी जिवावर बेततं. म्हणून त्याला हायड्रोकॉर्टिसोन पोटातून सुरू करून ते कित्येक महिने हळूहळू उतरवावं लागलं. अंग जरा गरम लागलं की त्याची आई घाबरून डोस विचारायला दवाखान्यात धावायची.

एकदा ती दुकानात आली. "काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? ती काही न बोलता निघून गेली.

मलमांना चिठ्ठी लागत नाही, अशी पळवाट तेव्हा होती. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइडांच्या बाबतीत ती बुजवली. आता चिठ्ठी मागितली की काहीजण रागावून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. पण वर्षानुवर्षं लावणारा कुणी आला, तर त्याला मी खुर्ची देतो, "आजच बंद करा" म्हणत नाही. आधी डॉक्टरकडे जा, सकाळचं कॉर्टिसॉल तपासायचं का ते विचारा, आणि ही रिकामी ट्यूब सोबत न्या, असं सांगतो.